विद्यार्थ्यांचा वरखर्च

महाराष्ट्रांतील कर्त्या पुरुषांचीं चरित्रें वाचूं लागलें म्हणजे एक देखावा पुन्हां पुन्हां डोळ्यांसमोर येतो. मुलगा बुद्धिमान असतो. घरीं दारिद्र्य असतें. तो हातानें स्वयंपाक करतो, रस्त्यावरील दिव्याच्या उजेडांत वाचतो, एका सदऱ्यावर वर्ष काढतो आणि शेवटीं पदवी घेऊन मोठ्या योग्यतेस चढतो. हा देखावा इतका परिचयाचा झाला आहे कीं, गरिबी म्हणजे जणूं विद्येची दाईच, अशी कित्येकांची समजूत होऊन बसली आहे. परंतु त्याच चरित्रांतील जमाखर्चाचे उल्लेख कोणी एकत्र मांडून पाहिले, तर त्यास निराळी हकीकत दिसेल.

विद्यार्थ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक ठरलेला व दुसरा अवचित येणारा. फी किती व ती केव्हां भरावयाची, हें आधीं ठाऊक असतें. तिच्यासाठीं स्कॉलरशिप असते, फ्रीशिप असते, एखादा दाता असतो. दुसरा खर्च मात्र कोणाच्याच अंदाजांत नसतो. ताप येतो, सदरा फाटतो, परीक्षेसाठीं परगांवीं जावें लागतें, घरून येणारी मनिऑर्डर एखाद्या महिन्यांत येत नाहीं. रक्कम पुष्कळदां क्षुल्लक असते. परंतु ती त्याच दिवशीं हवी असते. घरगुती मराठींत यासच वरखर्च म्हणतात. या वरखर्चाचा भार मागील दीडशें वर्षांत कोणीं उचलला आणि ज्यांचा तो कोणींच उचलला नाहीं त्यांचें काय झालें, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासांत विचारण्याजोगा आहे.

मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालीं झाली. त्यानंतर बरींच वर्षें उच्च शिक्षणाचीं ठिकाणें म्हणजे मुख्यत्वेंकरून मुंबई आणि पुणें हींच होतीं. कोंकणांतील अथवा देशावरील खेड्यांतल्या मुलानें पदवी घ्यावयाची म्हणजे प्रथम घर सोडावयाचें. घरीं असतांना जें फुकट मिळत होतें, म्हणजे जेवण, निवारा, दिव्याचें तेल आणि आजारपणांत उशाशीं बसणारें माणूस, त्या प्रत्येकाची आतां किंमत पडूं लागली. शिक्षणाचा खरा खर्च वाढला तो येथें.

या अडचणीवर जुन्या समाजानें आपल्यापरी एक तोड काढलेली होती. तिचें नांव माधुकरी आणि वार. माधुकरी मागणारा विद्यार्थी दुपारीं झोळी घेऊन ठराविक घरीं जाई व शिजलेलें अन्न गोळा करून आणी. वार लावून जेवणारा आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून घेई. सोमवार एका वकिलाकडे, मंगळवार एका भिक्षुकाकडे, बुधवार एखाद्या विधवा बाईकडे, अशी त्याची मांडणी असे. पुण्यासारख्या शहरांत किती मुलांचें शिक्षण या सात घरांवर उभें राहिलें, याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. देणाऱ्या घरांनीं त्याची वाच्यता केली नाहीं, आणि घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पुढें चांगले दिवस आल्यावर ती गोष्ट मनांतच ठेविली.

परंतु ही व्यवस्था जितकी मायेची, तितकीच ठिसूळ होती. एखाद्या घरीं सुतक आलें, यजमान परगांवीं गेले अथवा गृहिणी बाळंतपणास माहेरीं गेली, कीं त्या दिवसाचा वार चुकला. त्या दिवशीं विद्यार्थ्यानें पाणी पिऊन निजावें किंवा शिलकेंतले चार पैसे मोडावे. शिवाय ज्याच्या घरीं जेवावयाचें त्याचीं कामें ऐकणें, लहान मुलांस शिकविणें, बाजारहाट करणें हें ओघानेंच आलें. आणि परीक्षा जवळ आली म्हणून तें टाळतां येत नसे. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें. घरोघर विखुरलेल्या या दातृत्वास एका छपराखालीं आणून गरीब मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय करावी, असा त्या खटपटीचा हेतु होता. माधुकरीची वाट तेथील मुलांनींही चालली. परंतु वार चुकला तर विचारणारें कोणी तरी आतां होतें.

ठरलेला खर्च आणि वरखर्च यांतील भेद पाहण्यास नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. त्यांचे वडील कृष्णराव कागल संस्थानांत नोकरीस होते. १८७९ सालीं ते वारले तेव्हां गोपाळराव तेरा वर्षांचे होते. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतून आठ रुपये ते कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावास पाठवूं लागले. म्हणजे अर्ध्याहून अधिक पगार भावाकडे जाई व उरलेल्या सात रुपयांत घर चाले. या आठ रुपयांचा हिशेब गोपाळरावांच्या बोटांवर असे. ते स्वयंपाक हातानें करीत आणि खर्च पैपैनें जपत.

या काळांतली त्यांच्या चरित्रांत नमूद असलेली एक गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. एका सोबत्यानें त्यांस नाटकास चलण्याचा आग्रह केला. तो आपणांस नेतो आहे, अशा समजुतीनें ते गेले. पुढें त्या सोबत्यानें तिकिटाचे दोन आणे मागितले. गोखल्यांनीं कांहीं न बोलतां ते दिले. परंतु ते दोन आणे आठ रुपयांच्या मांडणींत कोठेंच नव्हते. तेव्हां त्यांनीं दिव्याच्या तेलाचा खर्च बंद केला आणि ती तूट भरून निघेपर्यंत रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास केला.

ही गोष्ट मुलांस सांगतांना बहुधा दिव्याखालच्या अभ्यासाचें कौतुक केलें जातें. खरें पाहतां तींत विचार करण्यासारखे आहेत ते दोन आणे. ज्या विद्यार्थ्याची मांडणी इतकी तंग आहे कीं दोन आण्यांनीं त्याचा दिवा विझतो, त्याच्यावर दोन रुपयांचा अथवा वीस रुपयांचा प्रसंग आला तर काय होईल? गोखल्यांवरही तो प्रसंग आलाच. १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले, तेव्हां आतां नोकरी धरावी व भावाचा भार हलका करावा, असें त्यांच्या मनांत होतें. कॉलेजाचा खर्च आठ रुपयांत बसणारा नव्हता. त्या वेळीं गोविंदरावांनीं त्यांस पुढें शिकण्याचा आग्रह धरला आणि वहिनींनीं आपले दागिने मोडण्याची तयारी दाखविली, असें चरित्रकार सांगतात. पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांस दरमहा वीस रुपयांची स्कॉलरशिप मिळाली व १८८४ सालीं ते पदवीधर झाले. स्कॉलरशिपेचा आंकडा चरित्रांत येतो. तिच्या आधींची जी खिंड होती ती एका भावाच्या पगारानें आणि एका भावजयीच्या मनानें लढविली, हें मात्र सहसा लक्षांत येत नाहीं.

ज्यास असा भाऊ नव्हता त्याची स्थिति कशी होती, हें गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्रांत दिसतें. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं त्यांचा जन्म झाला. लहानपणींच कचेरींतील उमेदवारी, दवाखान्यांतील कंपाउंडरी अशीं कामें करीत, कऱ्हाड, रत्नागिरी, अकोलें अशीं गांवें बदलीत त्यांनीं शिक्षण पुढें रेटलें. मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत आले. हें कॉलेज नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूस, शहरापासून दूर. आगरकरांनीं वर्तमानपत्रासाठीं लेख लिहून, निबंध व वक्तृत्व यांचीं बक्षिसें मिळवून महिन्याची तोंडमिळवणी केली. त्यांच्यापाशीं एकच सदरा होता व तो रात्रीं धुवून वाळत घालावा आणि सकाळीं अंगांत घालावा, असा क्रम होता, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे.

तिच्या जोडीला त्यांच्या परीक्षेच्या फीचीही एक आठवण सांगतात. परीक्षा जवळ आली, फीचे पैसे नव्हते, म्हणून आगरकर अभ्यास बाजूस ठेवून एक नाटक लिहीत बसले होते. तें विकून फी भरावी असा त्यांचा बेत. प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांस हें कळलें, तेव्हां त्यांनीं फीची तजवीज केली व आगरकरांस अभ्यासाकडे वळविलें. या आठवणींत केरूनानांचें औदार्य तर आहेच. त्याहून महत्त्वाचें असें कीं, त्यांस तें वेळीं कळलें. आगरकरांसारखा मानी तरुण आपण होऊन मागावयास जाणारा नव्हता. वर्गांतल्या मुलाच्या चेहऱ्यावरून त्याची नड ओळखणारा शिक्षक मिळणें, ही त्या काळीं स्कॉलरशिपेइतकीच मोठी मिळकत होती. याच आगरकरांनीं पदवी हातीं आल्यावर सरकारी नोकरीकडे पाठ फिरविली, पोटापुरत्या पगारावर शिक्षकाचें काम पत्करलें आणि तो निर्णय आईस पत्रानें कळविला. वरखर्चाची किंमत ज्यानें अंगावर सोसली होती, त्यानेंच पैशाची वाट सोडली.

प्रवासाचा खर्चही असाच अवचित येणारा असे. महर्षि धोंडो केशव कर्वे हे १८७५ सालीं मुरूडहून सातारा येथें इयत्ता सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठीं सोबत्यांसह निघाले. गाडीभाडें परवडणारें नव्हतें. पावसाळ्याच्या दिवसांत डोंगर-घाट ओलांडून, शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडवून ते वेळेवर पोंचले. आणि मुलगा वयानें लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. सगळे कष्ट फुकट जाऊन ते परत फिरले. पुढील वर्षीं कोल्हापुरास परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले. ही परीक्षा कॉलेजाच्या पुष्कळ अलीकडची खरी. परंतु एका कारकुनी शंकेनें गरीब मुलाचें सबंध वर्ष व सबंध प्रवासखर्च कसा बुडतो, याचा हा नमुना आहे. श्रीमंताच्या मुलास असा नकार म्हणजे एक गैरसोय होय. गरिबाच्या मुलास तो शिक्षणाचा शेवटही ठरूं शकतो.

वर आलेलीं नांवें एका विशिष्ट वर्गांतील आहेत, हें विसरून चालणार नाहीं. वार आणि माधुकरी यांचें छत्र ब्राह्मण मुलांपुरतेंच होतें. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अथवा अन्य समाजांतील मुलगा पुण्यांत किंवा कोल्हापुरांत शिकावयास आला तर त्याच्यासाठीं अशीं सात घरें नव्हतीं. आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलास तर पैसे हातीं असूनही खोली मिळण्याची पंचाईत. म्हणजे फी माफ केली तरी या मुलांचें शिक्षण पहिल्या मुक्कामालाच अडणार होतें. शाहू छत्रपतींनीं हें वर्म अचूक ओळखलें. १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालें आणि त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य इत्यादि समाजांसाठीं एकामागून एक वसतिगृहें उघडलीं गेलीं. फीच्या सवलती त्यांनीं दिल्याच. परंतु कोल्हापूरची खरी क्रांति घडली ती या स्वयंपाकघरांतून. मुलास राहण्यास जागा आणि दोन वेळचें अन्न खात्रीनें मिळालें, म्हणजे त्याचा निम्मा वरखर्च उत्पन्नच होत नाहीं.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगांत राहिलेल्या भाऊराव पाटील यांनीं हेंच सूत्र पुढें खेड्यापाड्यांत नेलें. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यांत सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकत्र वसतिगृह काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें ‘छत्रपति शाहू बोर्डिंग’ असें नामकरण झालें. मुलांनीं श्रम करावे, स्वतः रांधावें आणि शिकावें, अशी त्याची रीत. परंतु वसतिगृह चालविणें म्हणजे विद्यार्थ्याचा वरखर्च आपल्या डोक्यावर घेणें. धान्य संपण्याची वेळ सांगून येत नाहीं, आणि भुकेलेल्या मुलांस वर्गणी जमेपर्यंत थांबा असें म्हणतां येत नाहीं. अशा वेळीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने एकेक करून काढून दिले. एका प्रसंगीं भाऊराव परगांवीं असतां कोठींतील धान्य संपलें, तेव्हां त्यांनीं गळ्यांतील मंगळसूत्रही देऊन मुलांस जेवूं घातलें. १९३० सालीं लक्ष्मीबाई वारल्या. पुढें १९४७ सालीं साताऱ्यांत छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें व तेथें ‘कमवा आणि शिका’ ही योजना कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठींही चालू झाली. आज रयत शिक्षण संस्थेचा विस्तार पाहतांना तिच्या मूळ भांडवलांत हें सोनें होतें, याचें स्मरण ठेविलें पाहिजे.

देशांत राहून शिकणाऱ्याची ही कथा. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यावर तर अवचित खर्चाचे डोंगरच कोसळत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें विद्यार्थिजीवन त्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांस सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची मदत मिळत होती. प्रोफेसर मुल्लर यांनीं त्यांस पुस्तकें व कपडे पुरविले. १९१३ सालीं बडोदे सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. अमेरिकेंतला अभ्यास आटोपून ते लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं शिक्षण अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें. महायुद्ध चालू होतें. त्यांचें सामान ज्या बोटीनें येत होतें ती शत्रूच्या पाणतीरानें बुडविली, आणि पोटास चिमटा घेऊन जमविलेलीं पुस्तकें समुद्राच्या तळाशीं गेलीं. असा खर्च कोणत्या अंदाजपत्रकांत मांडतां आला असता?

मुंबईस येऊन सिडनहॅम कॉलेजांत त्यांनीं प्राध्यापकी केली. पगारांतून शिल्लक टाकली, शाहू छत्रपतींचें साहाय्य घेतलें, नवल भथेना या पारशी मित्राकडून पांच हजार रुपये कर्ज काढलें आणि १९२० च्या जुलईंत ते पुन्हां लंडनला गेले. येथें त्यांस एका अशा अडचणीनें गांठलें कीं जी कोणा सावकारानें अथवा दैवानें नव्हे, तर खुद्द रुपयानेंच आणली होती. १९२० च्या आरंभीं एका रुपयास अडीच शिलिंगांहून अधिक मिळत. मग भाव घसरूं लागला आणि १९२१ च्या आरंभीं तो सव्वा ते दीड शिलिंगाच्या दरम्यान आला. अडीच शिलिंगांच्या भावानें शंभर रुपयांचे साडेबारा पौंड होत. सव्वा शिलिंगाच्या भावानें सव्वासहाच. विद्यार्थ्यानें एक पैही जास्त खर्च केलेली नसतां त्याचा पैसा वाटेंतच निम्मा झाला.

आंबेडकर लंडनमध्यें कसे राहिले हें प्रसिद्ध आहे. सकाळचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्यूझियमचें ग्रंथालय आणि रात्रीं भूक मारून पुन्हां अभ्यास. १९२१ सालीं त्यांनीं शाहू महाराजांस पत्र लिहून दोनशें पौंडांचें कर्ज मागितलें. कायद्याच्या अभ्यासाची फी आणि परतीचा प्रवास यांसाठीं तें हवें होतें. इकडे मुंबईंत परळच्या चाळींतील खोलींत रमाबाई घर चालवीत होत्या. पतीच्या शिक्षणाचा जो भाग कोणत्याच शिष्यवृत्तींत बसत नव्हता, तो त्या आपल्या उपासांतून भरीत होत्या. १९२२ सालीं आंबेडकरांनीं डी.एस्सी.साठीं प्रबंध सादर केला. परीक्षकांनीं त्यांत फेरफार सुचविले, आणि ते करीत लंडनमध्यें राहण्यापुरता पैसा उरलेला नव्हता. तेव्हां १९२३ सालीं ते मुंबईस परतले, येथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी मिळविली. त्या प्रबंधाचा विषय ‘रुपयाचा प्रश्न’ हा होता. पौंड व रुपया यांच्या विनिमयाची चिकित्सा करणाऱ्या त्या लेखकानें तो प्रश्न ग्रंथालयाइतकाच आपल्या भाड्याच्या खोलींतही अभ्यासिला होता.

या अनुभवाचें फळ पुढें समाजास मिळालें. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांत असतां त्यांच्या खटपटीनें १९४४ सालीं अस्पृश्य वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४६ सालीं मुंबईंत निघालेल्या सिद्धार्थ कॉलेजाचे वर्ग सकाळीं भरत. त्यामुळें नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणास कचेरीच्या आधीं शिकतां येई. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गरीब विद्यार्थ्यास केवळ पैसा देऊन भागत नाहीं. पैसा मिळविण्याची वेळ आणि शिकण्याची वेळ यांचा मेळही घालून द्यावा लागतो. हें ज्यानें स्वतः भोगलें त्यासच इतक्या बारकाईनें सुचलें.

स्वातंत्र्यानंतर शासनानें फीचा बराच भार उचलला. खाजगी खटपटीही थांबल्या नाहींत. १९५५ सालीं पुण्यांत विद्यार्थी सहायक समिति स्थापन झाली व ग्रामीण भागांतून येणाऱ्या गरीब मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय तिनें हातीं घेतली. महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांहून अधिक नाहीं अशा मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु लातूरची अथवा गडचिरोलीची मुलगी पुण्यांत शिकावयास आली म्हणजे खोलीचें भाडें, आगाऊ अनामत, खाणावळ, बसभाडें आणि दवाखाना यांचा हिशेब फीमाफींत येत नाहीं. २०२० सालीं साथीमुळें कॉलेजें बंद झालीं आणि वर्ग मोबाइलवर भरूं लागले. तेव्हां ज्या घरांत एकही चांगला फोन नव्हता त्या घरांवर एका आठवड्यांत कित्येक हजारांचा खर्च येऊन पडला. दोन आण्यांचे दहा हजार रुपये झाले, तरी त्या खर्चाचा स्वभाव पालटलेला नाहीं. तो न सांगतां येतो आणि आजच्या आज भागवावा लागतो.

या साऱ्या इतिहासांतून एक बोध स्पष्ट निघतो. वरखर्चानें अडलेला विद्यार्थी बहुधा मागत नाहीं. फीसाठीं अर्ज करणें रूढ आहे, त्यांत कमीपणा वाटत नाहीं. परंतु ‘माझे चार दिवसांचें जेवण अडलें आहे’ असें सांगण्यास जीभ रेटत नाहीं. तो प्रथम तास चुकवूं लागतो, मग पुस्तक विकतो, मग ‘घरीं काम आहे’ असें सांगून गांवीं जातो आणि परत येत नाहीं. त्याच्या दाखल्यावर ‘स्वखुशीनें कॉलेज सोडलें’ असें लिहिलें जातें. गोखले आणि आगरकर यांचीं नांवें आज घेतां येतात, कारण त्यांची नड वेळेवर भागली. त्यांच्याच वर्गांत बसून, त्यांच्याइतकीच बुद्धि असून, एखाद्या तापाच्या औषधापायीं किंवा एका चुकलेल्या मनिऑर्डरीपायीं ज्यांचें शिक्षण संपलें, त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. रस्त्यावरील दिव्याचें गुणगान करतांना त्या दिव्याखालून उठून गेलेल्या मुलांचा विसर पडतां कामा नये.

म्हणून साहाय्य करणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, थोडी रक्कम वेळेवर मिळाली तर ती उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेहून अधिक उपयोगी पडते. चौकशा आणि दाखले यांत महिना गेला, तर तोंवर मुलगा गांवीं परतलेला असतो. दुसरी ही कीं, मदत मागण्याची पाळी विद्यार्थ्यावर न आणतां ती दिली पाहिजे. प्रत्येक कॉलेजांत एखाद्या विश्वासू शिक्षकाच्या हातीं लहानसा निधि असावा आणि त्याचा खर्च करतांना त्यास विद्यार्थ्याचें नांव फळ्यावर लावावें लागूं नये, एवढी व्यवस्था कोणत्याही संस्थेस कठीण नाहीं. माजी विद्यार्थ्यांनीं वर्षाकांठीं एकेका दिवसाचा पगार दिला तरी असा निधि उभा राहील.

आणि सुखवस्तु कुटुंबांनींही आपल्या अवतीभोंवतीं पाहावें. वार लावण्याची चाल गेली. ती जातीच्या कुंपणांत अडकलेली होती, म्हणून ती गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यामागें जी दृष्टि होती, कीं आपल्या आळींत परगांवचें एक मूल शिकतें आहे आणि तें आज जेवलें कीं नाहीं हें आपणांस ठाऊक असावें, ती दृष्टि सर्व जातींच्या व सर्व गांवांच्या मुलांसाठीं पुन्हां जागी करतां येण्यासारखी आहे. शेजारच्या खोलींत चार मुली भाड्यानें राहत असतील, खालच्या मजल्यावर गांवाकडून आलेला एखादा मुलगा परीक्षेची तयारी करीत असेल. महिन्याच्या अखेरीस त्यांची चूल पेटते आहे कीं नाहीं, एवढें कोणीं सहज विचारलें, तरी एखाद्याचें वर्ष वांचेल.